इमूपालनातील कुंपण

इमूपालनातील कुंपण म्हणजे इमू या उडू न शकणाऱ्या मोठ्या पक्ष्यास शेतावर सुरक्षित ठेवण्यासाठी आणि कुत्र्यांसारख्या प्राण्यांपासून त्याचे रक्षण करण्यासाठी उभारलेला अडसर होय. शहामृग आणि ऱ्हिया या पक्ष्यांनाही यातील बहुतेक तत्त्वे लागू पडतात; मात्र शहामृग अधिक उंच व वजनदार असल्याने त्याचे कुंपण अधिक भक्कम असावे लागते.

पार्श्वभूमी

इमू मूळचा ऑस्ट्रेलियातील आहे. तेथील पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्यात सशांना रोखण्यासाठी १९०१ ते १९०७ या काळात लांबच लांब कुंपण बांधण्यात आले. पुढे तेच इमूंना पिकांपासून दूर ठेवण्यासाठीही उपयोगी पडले. परंतु दुष्काळात पाण्याच्या शोधात निघालेले असंख्य इमू त्याला अडकून मेले. कुंपण पक्ष्याला अडवते, तसेच ते त्याच्या जिवावरही उठू शकते, हे यावरून दिसते.

भारतात इमूपालन १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाले आणि पुढील दशकात आंध्र प्रदेश, तमिळनाडू व महाराष्ट्रात पसरले. मांस व तेलाला पुरेशी बाजारपेठ नव्हती. उत्पन्न मुख्यतः नव्या पालकांना पिले विकण्यावर अवलंबून होते. २०१२ मध्ये तमिळनाडूतील पेरुंदुराई येथील मोठी गुंतवणूक योजना कोसळली आणि व्यवसायास उतरती कळा लागली. पक्ष्यांचे खाद्य परवडेनासे झाले. कुंपणात घातलेला पैसाही अनेकांचा अडकला.

पक्ष्याचे वर्तन आणि धोके

पूर्ण वाढलेला इमू सुमारे ५ ते ६ फूट उंच असतो व ताशी सुमारे ५० किलोमीटर वेगाने धावू शकतो. घाबरलेला पक्षी सरळ कुंपणावर आदळतो. बारीक तार त्याला धावताना दिसत नाही. म्हणून वरच्या कडेला आडवा बांबू, पाइप किंवा रंगीत पट्टी बांधतात. मोठ्या छिद्रांच्या जाळीत मान किंवा पाय अडकतो. अरुंद कोपऱ्यात कळप दाटून चेंगरतो; त्यामुळे कोपरे गोलाकार ठेवणे हितावह असते.

साहित्याची निवड

* तारजाळी: २ इंच छिद्राची, १० किंवा १२ गेजची, ५ ते ६ फूट उंचीची जस्तलेपित जाळी सर्वांत सुरक्षित मानली जाते. पिलांसाठी खालच्या २ फुटांवर आणखी बारीक जाळी लावतात.
* काटेरी तार: स्वस्त असली तरी कातडी फाटते, आतील बाजूस ती कधीही वापरू नये.
* बाभळीच्या काट्यांचे कुंपण: बाहेरून जोड म्हणून चालते, एकटे पुरेसे नाही.
* सौर झटका यंत्र: कुत्री व रानडुकरे रोखण्यासाठी फक्त बाहेरील बाजूस. घरगुती विजेचा प्रवाह तारेत सोडणे बेकायदेशीर असून माणसांच्याही जिवावर बेतते.

इमू चकाकणाऱ्या वस्तू गिळतो. बांधकामानंतर तारेचे तुकडे व खिळे वेचून न काढल्यास ते पोटात जाऊन पक्षी दगावू शकतो.

काळ्या जमिनीतील उभारणी

वाशीम जिल्ह्यासारख्या काळ्या कसदार जमिनीच्या भागात माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे उथळ रोवलेले खांब कलतात आणि जाळी सैल पडते. याकरिता सुमारे अडीच फूट खोल खड्डे घेऊन तळाशी मुरूम भरतात, खांब काँक्रीटमध्ये बसवतात आणि कोपऱ्यांवरील खांबांना तिरके टेके देतात. मुरमाड उंचवटा उपलब्ध असल्यास तोच निवडावा. तेथे पाणीही साचत नाही.

खर्चाची बचत

एका जोडीसाठी भारतात साधारणतः १०० × २५ फुटांचा वाडा सुचवला जातो. लांबट आकारामुळे पक्ष्याला धावता येते. असे चार वाडे स्वतंत्र बांधल्यास १,००० फूट जाळी लागते. तेच एकमेकांस लागून बांधल्यास बाहेरील ४०० व मधल्या तीन भिंतींची ३०० अशी ७०० फूट पुरते. म्हणजेच जाळीची उंची किंवा दर्जा न घटवता तीन दशांश बचत होते.

व्यवसाय बंद पडला तरी असे कुंपण शेळीपालन किंवा भाजीपाल्याच्या वाफ्यांसाठी वापरता येते. म्हणून ते शेताच्या कायम गरजा पाहून आखणे श्रेयस्कर ठरते.

कायदेशीर बाजू

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या केंद्रीय कायद्यानुसार प्राण्यास हालचाल करता येणार नाही इतक्या अपुऱ्या पिंजऱ्यात ठेवणे, तसेच वाजवी कारणाशिवाय त्याला उपाशीतापाशी मोकाट सोडून देणे हा गुन्हा आहे.

हे सुद्धा पहा

* इमू
* शहामृग
* वाशीम जिल्हा