कातकरी समाज : आरोग्यविषमता (पनवेल–नवी मुंबई परिसर)

कातकरी किंवा काथोडी ही महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक. कोलाम व माडिया गोंड या उरलेल्या दोन. वस्ती मुख्यतः रायगड, ठाणे व पालघर जिल्ह्यांत. खैराच्या लाकडापासून काथ काढण्याचा मूळ धंदा वनकायद्यांमुळे बसला. बहुतेकांच्या नावावर जमीन नव्हतीच. वीटभट्टी, कोळसाभट्टी आणि शेतमजुरी तेवढी उरली.

सिडकोने १९७० नंतर वसवलेल्या नवी मुंबईत आज खारघरला टाटा स्मारक केंद्राचे ‘ॲक्ट्रेक’ हे कर्करोग केंद्र, बेलापूरला अपोलो, नेरुळ व कामोठ्याला वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. त्यामुळे येथील विषमता किलोमीटरमध्ये मोजणे फसवे ठरते. मोठा अडसर हंगामाचा आहे. दिवाळीनंतर भट्टीमालकाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे भट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. गरोदर बाईची नोंद वाडीच्या आशाताईकडे, पोराच्या वजनाचा तक्ता वाडीच्या अंगणवाडीत, आणि मायलेकरे भट्टीवरच्या खोपटात. लशीचा पुढचा डोस चुकतो तो इथेच. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून मोफत झाले खरे. पण दवाखान्यात गेलेल्या दिवशी विटा पडत नाहीत, आणि उचल फिटते ती पाडलेल्या विटांच्या हिशेबानेच.

दुसरा अडसर नकाशाचा. त्याची चर्चा फारशी होत नाही. राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील आदिवासी क्षेत्रात रायगड जिल्हा येत नाही. ठाणे जिल्ह्यातील शहापूरला अशा क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा लागू होतो व त्याबरोबर आदिवासी उपयोजनेतील ५ टक्के अबंध निधी मिळतो; पनवेल, कर्जत, पेणच्या वाड्यांना यातले काहीच मिळत नाही. पेण येथे आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय मात्र आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१५-१६) देशात अनुसूचित जमातींमध्ये दर हजार जिवंत जन्मांमागे पाच वर्षांखालील सुमारे ५७ मुले दगावत. अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्ग वगळता उरलेल्यांत सुमारे ३९. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१८ च्या अहवालात आदिवासी आरोग्याचा स्वतंत्र आढावा घेतला. पनवेलसारख्या तालुक्यात मात्र कातकऱ्यांची स्थिती शहरी सरासरीत बुडून जाते.

तारा (ता. पनवेल) येथील युसुफ मेहेरअली सेंटरचे आरोग्यकार्य या भागात जुने आहे. विशेष असुरक्षित जमातींसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या पीएम-जनमन योजनेत फिरत्या वैद्यकीय पथकांची तरतूद आहे. त्यांच्या फेऱ्या वाडीपुरत्याच राहतात की हंगामात भट्ट्यांपर्यंत पोहोचतात, यावर त्यांचा उपयोग ठरेल.