शिवडीचे रोहित

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर, परळ-लालबागच्या पलीकडे, शिवडीच्या चिखलपट्टीवर हिवाळ्यात उतरणारे स्थलांतरित पाणपक्षी. इतर नावे अग्निपंख, फ्लेमिंगो. १९९० च्या दशकापासून येथे त्यांचे मोठे थवे दिसू लागले. साधारण नोव्हेंबरपासून पावसाच्या तोंडापर्यंत मुक्काम; वीण मात्र कच्छच्या रणाकडे.

थव्यात बहुसंख्य छोटा रोहित असतो, त्यांत काही मोठे रोहित उठून दिसतात. लांबून ओळखायचे तर चोच पाहावी: छोट्याची गडद, काळपट लाल, मोठ्याची फिकट गुलाबी, टोकाला काळी. खाण्यातही फरक आहे. मोठा रोहित डोके पाण्यात खोल घालून तळ ढवळतो आणि किडे, अळ्या, बारीक शिंपले, कोळंबीच्या जातीचे जीव टिपतो. छोटा वरच्या थरातले नीलहरित शेवाळ व सूक्ष्म वनस्पती गाळून घेतो. दोघांचीही चोच खाताना उलटी असते, वरचा जबडा खाली. जाडजूड जीभ मागेपुढे सरकवून पाणी आत ओढायचे आणि चोचीच्या कडांवरील बारीक दातऱ्यांतून बाहेर दाबायचे. अन्न आत अडकते. दुर्बिणीतून पाहिले तर गळ्याची थरथर दिसते. जागच्या जागी पाय आपटत गोल फिरणारा पक्षी नाचत नसतो, चिखल उकरत असतो. पिसांचा गुलाबी रंग याच अन्नातल्या रंगद्रव्यांचा. पिल्ले राखाडीच असतात.

येथे घड्याळापेक्षा पाण्याकडे लक्ष ठेवावे लागते. कोळ्यांचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सुमारे सहाला भरती, बाराला ओहोटी. ऐन ओहोटीला थवे दूर आत जातात, भरतीला चिखल बुडाला की उडून जातात. म्हणून पाणी ओसरू लागताना किंवा चढताना धक्क्यावर असावे. सकाळीच जायचा हट्ट धरणाऱ्यांना बरेचदा नुसते पाणीच पाहावे लागते.

रोहितांच्या आसपास तुतवार, चिखल्या, टिलवे चोची खुपसत असतात.

शहराचे सांडपाणी खाडीत शेवाळ पोसते आणि ते छोट्या रोहिताच्या पथ्यावर पडते. ठाणे खाडीतील १,६९० हेक्टर क्षेत्र २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाले, २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला. शिवडी त्याबाहेर, बंदराच्या हद्दीत राहिली. जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू याच चिखलावरून न्हावा शेवाकडे जातो.