साखरखेर्डा : एका खेड्याचीं दोन नांवें

बुलढाणा जिल्ह्यांत चिखली तालुक्यांतील उंद्री या गांवास उदयनगर असें दुसरेंही नांव आहे. अशीं जोडनांवें ठाऊक नसलीं म्हणजे कागदपत्रें वाचणारा एकाच गांवाचीं दोन गांवें कल्पितो. याच जिल्ह्यांतील साखरखेर्डा हें याचें ठळक उदाहरण असल्यामुळें त्याची हकीकत आम्ही येथें देत आहों.

साखरखेर्डा हें गांव सिंदखेड राजा तालुक्यांत, पैनगंगेस मिळणाऱ्या एका लहान नदीच्या कांठीं आहे. खुदावंतखान महदवी यानें इ. स. १५८१ त येथें एक लहान पण सुबक मशीद बांधिली, व पुढील वर्षीं तशीच दुसरी रोहिणखेड येथें उभारिली. यावरून लढाईच्या पूर्वींही हें खेडें अगदींच नगण्य नव्हतें, असें दिसतें.

ता. ११ ऑक्टोबर १७२४ (शके १६४६) रोजीं या खेड्याजवळ निजामुल्मुल्क व हैदराबादचा सुभेदार मुबारिजखान यांची लढाई झाली. महंमदशहा बादशहानें निजामास दूर सारण्यासाठीं मुबारिजखानास दक्षिणेची सुभेदारी दिली होती. निजामास बाजीराव पेशव्यांचें साह्य होतें. मुबारिजखान रणांत पडला. पुढील वर्षीं बादशहानें निजामास दक्षिणेची सुभेदारी व ‘आसफजाह’ हा किताब देऊन झालें तें मान्य केलें. नांवाचा सुभा, पण व्यवहारांत स्वतंत्र राज्य, अशी हैदराबादची स्थिति येथून सुरू झाली. मात्र हें सख्य टिकलें नाहीं, इ. स. १७२८ त पालखेड येथें बाजीरावांनीं याच निजामास कोंडींत धरिलें.

जयाच्या स्मरणार्थ निजामानें गांवाचें नांव ‘फत्तेखेर्डा’ ठेविलें. इंग्रजी अमदानींतील गॅझेटियरांतही तें छापलेलें आढळतें. परंतु लोकांच्या तोंडीं जुनेंच नांव राहिलें. इ. स. १९४८ च्या सप्टेंबरांत निजामाची सत्ता संपली. फत्तेखेर्डा हें नांवही आज व्यवहारांत नाहीं. साखरखेर्डा मात्र आहे.

विजेत्यानें दिलेलें नांव दप्तरांत राहतें, रहिवाशांनीं राखलेलें गांवांत राहतें. संशोधकास दोन्ही हवींत. पहिलें सुटलें तर कागद मुका होतो, दुसरें सुटलें तर स्थळ हरवतें. यास्तव गांवोगांवच्या जाणत्या मंडळींनीं जुन्या सनदा व खरेदीखतें पाहून आपापल्या गांवाचीं सर्व नांवें सालवार टिपून ठेवावींत, अशी आमची विनंती आहे.