न वाचता मोजलेला डीएनए

२००३ साली मानवी जीनोमचे वाचन पूर्ण झाल्याचे जाहीर झाले, तेव्हा ‘पूर्ण’ हा शब्द जरा उदारपणेच वापरला होता. गुणसूत्राचा आवळलेला भाग, म्हणजे सेंट्रोमिअर, त्यात जवळपास नव्हताच. पेशी दुभंगताना गुणसूत्रे दोन्हीकडे ओढली जातात ती याच जागी धरून. वाटणी चुकली तर एका पेशीत गुणसूत्र जास्त, दुसरीत कमी. एवढ्या महत्त्वाच्या जागी नकाशात मात्र ३० लाख अक्षरांची कोरी पट्टी ठेवलेली होती.

कारण साधे होते. तिथे १७१ अक्षरांचा तुकडा पुन्हा पुन्हा येतो. एक्स गुणसूत्रावर अशा बारा तुकड्यांचा सुमारे २,००० अक्षरांचा गट होतो आणि तो गट जवळपास हुबेहूब शेकडो वेळा येतो. यंत्रे एका वेळी पाचशे-सातशे अक्षरे वाचत. एकाच साच्यातल्या विटांच्या भिंतीचे छोटे छोटे फोटो जोडून भिंतीची लांबी कशी सांगणार?

पण न वाचताही मोजता येते. १९६८ मध्ये रॉय ब्रिटन आणि डेव्हिड कोन यांनी डीएनए तापवून त्याचे धागे सुटे केले व पुन्हा जुळू दिले. ज्या तुकड्याच्या प्रती जास्त, त्याला जोडीदार लवकर सापडतो. या वेगावरून उंदराच्या एका तुकड्याच्या प्रती निघाल्या सुमारे दहा लाख!

१९९० मध्ये महतानी आणि हंटिंग्टन विलार्ड यांनी वेगळी वाट धरली. या गटाला आतून न कापणारी विकरे वापरून त्यांनी एक्सवरची सगळी रांग अखंड सोडवली आणि दिशा बदलत्या विद्युतक्षेत्रात जेलमधून सरकवून तिची लांबी मोजली. ती भरली १३.८ लाख ते ३७.३ लाख अक्षरे, सरासरी २८.९५ लाख. म्हणजे साधारण ७०० ते १,८०० प्रती. माझ्या मते सरासरीपेक्षा हा फरकच मोठा शोध होता. ‘माणसात किती प्रती असतात?’ या प्रश्नाला एकच उत्तर नव्हते.

२०२० मध्ये कॅरन मिगा आणि सहकाऱ्यांनी एक्स गुणसूत्र टोकापासून टोकापर्यंत वाचले. रांग निघाली सुमारे ३१ लाख अक्षरांची, म्हणजे दीड हजारांच्या आसपास प्रती. हे वाचन बरोबर आहे का, हे तपासायला त्यांनी पुन्हा जेलचीच मोजणी वापरली. २०२२ मध्ये वाय वगळता उरलेली गुणसूत्रेही आली. त्यासाठी निवडलेल्या पेशींत गुणसूत्रांचे दोन्ही संच एकसारखे होते, म्हणून काम थोडे सोपे झाले. तुमच्याआमच्यात आईकडून आलेल्या रांगेची लांबी एक, वडिलांकडून आलेल्या रांगेची दुसरी.