गोल्फचे मैदान : सनद आणि वहिवाट

दिल्लीत नोकरीस असलेला मराठी कारकून महिन्यातून एका शनिवारी गोल्फ खेळावयास जातो, असे गावाकडे कळले की तेथे दोन तर्क निघतात. एक, याला वरची प्राप्ती होऊ लागली असावी. दुसरा, याचे डोके फिरले असावे. आमच्या वडीलबंधूंनी मात्र तिसराच प्रश्न केला. "अरे, तो साहेबलोकांचा खेळ. त्यांच्या मैदानात तुला शिरू कोण देतो?"

मैदान साहेबांचे नसून सार्वजनिक आहे, असे एका वाक्यात उत्तर देऊन आम्हांस मोकळे होता आले असते. परंतु 'सार्वजनिक' हा शब्द दिसतो तितका सोपा नाही. जमीन सर्वांची कशी होते, आणि झाली तरी सर्वांचीच कशी राहते, याला मोठा इतिहास आहे. आणि दादांच्या प्रश्नामागे आमच्या गावचाही एक प्रश्न दडलेला होता. त्याकडे आम्ही शेवटी वळू.

दक्षिण दिल्लीत लाडो सराय गावाशेजारी कुतुब गोल्फ कोर्स नावाचे अठरा होलचे मैदान आहे. दिल्ली विकास प्राधिकरणाने ते २००० साली खुले केले, आणि देशातील पहिले सार्वजनिक गोल्फ मैदान अशी त्याची ख्याती आहे. येथे सभासदत्व नको, कोणाची शिफारस नको. शुल्क भरावे आणि पाळी आली की खेळावे. हे शुल्क प्रत्येकाच्या खिशाला परवडेल असे नाही, हेही येथेच सांगितले पाहिजे. आम्ही महिन्यातून एकदाच जातो त्याचे कारण तेच, आणि आमचा अर्धा सेट जुन्या बाजारातून घेतलेला आहे.

आमच्यासोबत नेहमीचे दोन स्नेही असतात. एक सोलापूरचे, हिशेबतपासणी खात्यातले. दुसरे बेळगावचे, रेल्वेतले. गेल्या जानेवारीतील एका शनिवारी धुके इतके दाट होते की पहिल्या टीवरून मारलेला चेंडू कोठे पडला हे टिटवीच्या ओरडण्यावरूनच ताडावे लागले. धुके निवळण्याची वाट पाहत थांबलो असता सोलापूरकर म्हणाले, "काय हो, दक्षिण दिल्लीतली एवढी जमीन! उद्या प्राधिकरणाला पैशांची अडचण आली आणि त्यांनी ती विकली, तर आपण काय करणार?"

हिशेबतपासनिसाला शोभेल असाच हा प्रश्न होता. त्यास उत्तर म्हणून आम्ही सेंट अँड्रूजची हकीकत सांगितली, कारण तेथे नेमके हेच घडले होते.

सेंट अँड्रूज हे स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील लहानसे विद्यापीठाचे गाव. समुद्र आणि शेते यांच्यामध्ये वाळूचा, खुरट्या गवताचा जो पट्टा असतो त्यास तेथे 'लिंक्स' म्हणतात. नांगराला निरुपयोगी, म्हणून तो गावाचा. तेथे मेंढरे चरत आणि गावकरी खेळत. आपल्या गायरानाच्या भावकीतलीच ही जमीन. गोल्फ रुजला तो अशा जमिनीवर, कोणा साहेबाच्या बागेत नव्हे. तो लोकांत किती पसरला होता याचा पुरावा सरकारी दप्तरातच आहे. १४५७ साली, राजा दुसरा जेम्स याच्या कारकीर्दीत, स्कॉटलंडच्या पार्लमेंटाने फुटबॉल आणि गोल्फ या दोन्ही खेळांस मनाई केली. त्यांच्या नादाने प्रजा धनुर्विद्येची तालीम टाळीत होती. तीच मनाई १४७१ व १४९१ साली पुन्हा काढावी लागली. एकच हुकूम तीनदा निघतो याचा अर्थ कोणत्याही कचेरीतल्या माणसास समजावून सांगावा लागणार नाही.

पुढे १५५२ साली आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यास लिंक्सच्या उत्तर भागात ससे पाळावयाचे होते. त्याने गावाची संमती घेतली, आणि त्या बदल्यात एक लेख करून दिला. लिंक्सवर गोल्फ, फुटबॉल, नेमबाजी इत्यादी खेळ खेळण्याचा आणि गुरे चारण्याचा गावकऱ्यांचा हक्क त्या लेखाने मान्य केला. येथे एक बारकावा लक्षात घेतला पाहिजे. या सनदेने हक्क निर्माण केला नाही. हक्क आधीपासून वहिवाटीत होता, सनदेने तो कागदावर आणला एवढेच. आपल्याकडे इनामाच्या आणि पाणंदीच्या तंट्यांत हा भेद किती मोलाचा ठरतो, हे महसुलाची कागदपत्रे हाताळणाऱ्या वाचकांस सांगणे नको.

दोनशे वर्षे असेच चालले. १७५४ साली बावीस प्रतिष्ठित गृहस्थांनी तेथे गोल्फची मंडळी स्थापिली. १७६४ साली काही होल एकत्र करून बावीसची फेरी अठरावर आणण्यात आली, आणि तोच आकडा कालांतराने जगभर रूढ झाला. मंडळीस १८३४ साली राजा चौथा विल्यम याच्या कृपेने 'रॉयल अँड एन्शंट' हे नाव लाभले. परंतु जमीन मंडळीची नव्हती, गावाची होती. आणि गावाची तिजोरी मात्र रिती होत चालली होती.

१७९७ साली कर्जात बुडालेल्या गावसभेने लिंक्स हातची घालविली, आणि १७९९ साली ती चार्ल्स व कॅथकार्ट डेम्पस्टर या व्यापाऱ्यांकडे गेली. त्यांनी तेथे सशांचा व्यापार आरंभिला. कातडे आणि मांस यांसाठी ससे वाढले, त्यांनी मैदानाची चाळण केली आणि खेळणे अशक्य झाले. खेळाडू न्यायालयात गेले आणि ससे मारू लागले. कज्जाबरोबर हाणामारीही झाली. 'डेम्पस्टर विरुद्ध क्लेगहॉर्न' हा खटला १८१३ साली थेट लंडनच्या लॉर्ड सभेपुढे गेला. ज्या सशांच्या निमित्ताने गावचा हक्क कागदावर आला, त्याच प्राण्याने अडीचशे वर्षांनी तो धोक्यात आणावा, हा इतिहासाचा विनोदच म्हणावयाचा. अखेर १८२१ साली शेजारच्या स्ट्रॅथटायरम येथील जमीनदार जेम्स चीप याने ती जमीन विकत घेतली, आणि गोल्फ वाचला.

तथापि गोल्फ वाचणे आणि जमीन गावाकडे परत येणे या दोन निराळ्या गोष्टी. त्यासाठी आणखी सत्तर वर्षांहून अधिक काळ जावा लागला. १८९४ साली ब्रिटिश पार्लमेंटाच्या कायद्याने लिंक्स पुन्हा गावाच्या मालकीची झाली, आणि पुढे १९७४ च्या कायद्यान्वये तिची व्यवस्था एका विश्वस्त संस्थेकडे सोपविण्यात आली. गोल्फची पंढरी म्हणून जगभर नावाजलेले तेथील 'ओल्ड कोर्स' आजही सार्वजनिक मैदान आहे. परगावचा माणूस चिठ्ठी टाकून पाळी मिळवू शकतो. गावकऱ्यांस सवलतीचा वार्षिक परवाना मिळतो. रविवारी सामान्यतः तेथे खेळ बंद असतो आणि गावकरी मुलांबाळांसह, कुत्र्यांसह त्या हिरवळीवर फिरतात. पहिल्या आणि अठराव्या होलमधून गावचा एक रस्ता जातो. पादचारी रस्ता ओलांडीत असला तर खेळाडू थांबतो. ही वहिवाट.

आता आपल्याकडे काय झाले ते पाहू. इंग्रजांनी हा खेळ येथे फार लवकर आणला. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ सालचा, ब्रिटिश बेटांबाहेरचा पहिला. मुंबईचा क्लब १८४२ सालचा. परंतु गोल्फ बोटीतून उतरला तो क्लबाच्या कुंपणात. लिंक्सची ती गावकी मागेच राहिली. जो खेळ तिकडे गायरानावर वाढला, तो इकडे शिफारशीच्या चिठ्ठीवर चालू लागला. वडीलबंधू त्यास साहेबांचा खेळ म्हणतात यात त्यांची काही चूक नाही. आपल्या वाट्याला त्याची तेवढीच बाजू आली.

नाशिकच्या वाचकांस त्यांचे गोल्फ क्लब मैदान येथे आठवेल. नाव गोल्फचे, पण आज तेथे रणजी सामने होतात आणि सकाळी नाशिककर फेऱ्या मारतात. त्या मैदानाचे अधिकृत नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडणाऱ्या आणि १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेल्या त्या तरुणाचे नाव राज्यकर्त्यांच्या करमणुकीच्या जागेस लाभले, आणि लोकांच्या तोंडी दोन्ही नावे सुखाने नांदत आहेत. मैदान लोकांचे कसे होते याचे हे दुसरे, अस्सल मराठी उदाहरण. तेथे कोणी खटला लढविला नाही. लोक तेथे जात राहिले.

हे सारे बोलणे नऊ होल संपेपर्यंत पुरले. धुके विरले, ऊन पडले. बेळगावकर इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "म्हणजे सोलापूरकरांच्या प्रश्नाला उत्तर असे, की कागद जपून ठेवावा आणि खेळत राहावे." आम्हांस याहून नेमके सांगता आले नसते. केवळ सनद असेल तर ती कपाटात राहते. केवळ वहिवाट असेल तर तिला न्यायालयात तोंड नसते. सेंट अँड्रूजच्या लोकांजवळ दोन्ही होते, म्हणून जमीन एकदा गमावूनही त्यांना ती परत मिळविता आली.

आता दादांच्या प्रश्नामागच्या प्रश्नाकडे वळतो. आमच्या गावाच्या पूर्वेस गायरान आहे. तेथे आम्ही विटीदांडू खेळलो, पोळ्याला बैल मिरविले. गेल्या दोन वर्षांत एक तारेचे कुंपण त्यात हळूहळू पुढे सरकत आले आहे. दादांनी ग्रामसभेत विषय काढला, तेव्हा त्यांना उलट विचारण्यात आले, "तिथे आता जातो कोण? गुरे राहिली नाहीत, आणि पोरे मोबाईलवर असतात." दादा निरुत्तर झाले. आम्हीही दिल्लीतून काय करणार, असे म्हणून तो विषय टाळीत आलो होतो.

त्या दिवशी आमचे एकशे एकोणीस फटके झाले, त्यांतले बरेचसे बंकरमध्ये. घरी येऊन मात्र प्रथम पत्र लिहिले. 'ती. दादांस शि. सा. न. वि. वि.' येथून आरंभ करून सातबाऱ्यावर गायरान अशी नोंद आहे तो उतारा आजच काढावा, असे विनविले. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने 'जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य' या खटल्यात गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करण्याविषयी सर्व राज्यांस निर्देश दिले आहेत. त्या निकालाची प्रत सोबत जोडली. आणि शेवटी लिहिले की कागद तहसील कचेरीत द्यावाच, पण त्याहून आधी पोरांना एक चेंडू आणि स्टंप घेऊन द्यावेत; पैसे आम्ही पाठवितो.

पंधरा दिवसांनी दादांचा फोन आला. उतारा मिळाला होता. अर्ज दिला होता, त्यावर पोच घेतली होती. "आणि रविवारी पोरे खेळायला गेली," दादा म्हणाले. "चेंडू दोनदा कुंपणापलीकडे गेला. दोन्ही वेळा त्यांनी तो जाऊन आणला."