पर्यावरणाचा पहिला धडा : कानपूरची पंचतारांकित इमारत

भारतीय तंत्रज्ञान संस्था (आयआयटी), कानपूर येथील पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकी केंद्राची इमारत ही ‘गृह’ या राष्ट्रीय मूल्यांकन पद्धतीत पाच तारे मिळवणारी देशातील पहिली इमारत होय. ‘टेरी’ या संस्थेने विकसित केलेली ही पद्धती केंद्र सरकारने २००७ साली राष्ट्रीय पद्धती म्हणून स्वीकारली. जागेची निवड, झाडांचे रक्षण, पाणी, वीज, बांधकाम साहित्य आणि कचऱ्याची विल्हेवाट अशा निकषांवर ती इमारतीला गुण देते.

आचऱ्याशी नाते

या इमारतीचा आराखडा ‘कानविंदे, राय अँड चौधरी’ या वास्तुरचनाकार संस्थेचा. तिचे एक संस्थापक अच्युत कानविंदे (१९१६–२००२) हे गोव्याच्या शेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आचरा गावचे. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकून त्यांनी पुढे हार्वर्ड विद्यापीठात वॉल्टर ग्रोपियस यांच्याकडे अध्ययन केले. कानपूर आयआयटीच्या मूळ संकुलाचे रचनाकारही तेच. उन्हातान्हात विद्यार्थ्यांना सावलीतून चालता यावे, वर्गांत वारा खेळावा, हा विचार त्या संकुलात आधीपासूनच होता. पर्यावरण केंद्राची इमारत त्याच परंपरेतील पुढचे पाऊल ठरते.

बचतीचा क्रम

सुमारे ४,२०० चौरस मीटर क्षेत्रफळाच्या या इमारतीचे महत्त्व तिच्या हिशेबात आहे. नेहमीच्या पद्धतीने बांधली असती, तर तिला दर चौरस मीटरमागे वर्षाला सुमारे २४० युनिट वीज लागली असती, असे गणित आराखड्याच्या वेळी मांडले गेले. भिंती, छप्पर आणि खिडक्यांची रचना सुधारल्यावर हा आकडा २०८ वर आला. दिवसाच्या उजेडाचा उपयोग आणि कमी वीज खाणारे दिवे यांमुळे तो १६८ झाला. वातानुकूलनाची कार्यक्षम यंत्रणा निवडल्यावर १३३ आणि तिच्या नियंत्रणाची नीट व्यवस्था लावल्यावर ९८. म्हणजे जवळजवळ ५९ टक्के बचत.

येथे ध्यानात घ्यायचा तो क्रम. सौरपट्ट्या या इमारतीवरही आहेत. परंतु ही ५९ टक्के बचत त्यांची नव्हे. आधी गरज कमी करायची आणि उरलेली गरज सूर्याकडून भागवायची, असा हा विचार आहे. उधळपट्टीच्या इमारतीवर सौरपट्ट्या बसवून ती ‘हरित’ म्हणवणे, हे गळक्या घागरीत पाणी ओतण्यासारखेच.

जमिनीचा गारवा

कानपूरचा उन्हाळा ४० अंशांपुढे जातो. मात्र जमिनीखाली तीन-चार मीटर खोलीवर तापमान वर्षभर फारसे बदलत नाही. हवा जमिनीत पुरलेल्या बोगद्यांतून खेळवून आत घेतली, की ती उन्हाळ्यात निवते आणि हिवाळ्यात कोमट होते. या इमारतीत ही योजना वापरली आहे. जोडीला पोकळी राखून बांधलेल्या दुहेरी भिंती, छतावर उष्णतारोधक थर, उन्हाळ्याचे ऊन अडवणारी खिडक्यांवरील छज्जांची योजना आणि आवारातील जलाशय आहेत.

ही युक्ती आजची नव्हे. मध्य प्रदेशात धार आणि तिरला यांच्या दक्षिणेस असलेल्या मांडवगडावर १५ व्या शतकातील सुलतानांनी चंपा बावडीला लागून तळघरे बांधली. पाणी आणि जमीन या दोहोंच्या गारव्याने ती ऐन उन्हाळ्यात थंड राहत. तेथील जहाज महालाच्या गच्चीवरील वळणावळणाच्या पन्हळींतून पावसाचे पाणी कुंडात उतरे. उंच पठारावर थेंबन् थेंब मोलाचा, हे त्या बांधणाऱ्यांना ठाऊक होते.

गोव्याने काय घ्यावे?

कानपूरची नक्कल गोव्यात चालणार नाही. तेथील उन्हाळा कोरडा, आपली हवा दमट. जलाशयावरून येणारा वारा तेथे निववतो. येथे तो घामच वाढवील. आपल्या हवेला हवी सावली, आरपार वारा आणि पावसापासून भिंतींचे रक्षण. चिऱ्याच्या जाड भिंती, मंगळुरी कौलांचे उतरते छप्पर, बल्कांव आणि राजांगण या जुन्या गोमंतकीय घरांतील गोष्टी नेमके हेच करीत आल्या आहेत. बंद काचेच्या दर्शनी भिंती मात्र ऊन आत कोंडतात आणि वातानुकूलनाचे ओझे वाढवतात.

हा प्रश्न केवळ विजेच्या देयकाचा नाही. गोव्यातील आयआयटी २०१६ पासून फर्मागुढी येथील अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात भरू लागली. कायम संकुलासाठी सत्तरीतील मेळावलीची जागा निवडली गेली. स्थानिकांच्या तीव्र विरोधानंतर जानेवारी २०२१ मध्ये सरकारला तो निर्णय मागे घ्यावा लागला. जागा चुकली, तर पुढची कोणतीही तारांकित रचना ती चूक भरून काढू शकत नाही. झाडे, झरे आणि गावकऱ्यांची उपजीविका यांचा हिशेब हा आराखड्याचा पहिला कागद असायला हवा.

शिवाय आराखड्यातील आकडे हे अखेर अनुमान असते; खरी परीक्षा मीटरवर होते. सार्वजनिक पैशातून उभ्या राहणाऱ्या प्रत्येक शैक्षणिक इमारतीने दरवर्षीचा वीज आणि पाण्याचा वापर दर्शनी भागात फलकावर मांडावा. त्याला फारसा खर्च येत नाही आणि विद्यार्थ्यांना वर्गात शिरण्यापूर्वीच पर्यावरणाचा पहिला धडा मिळतो.