आदिलशाहीतला बिशप

मे १६३६ मध्ये शाहजहान आणि आदिलशहा यांच्यात तह झाला. बुडालेल्या निजामशाहीपैकी भीमा आणि नीरा यांच्यामधला मुलूख विजापूरच्या वाट्याला आला. त्यात इंदापूर आले, बारामतीही आली. पुढच्याच वर्षी रोममध्ये एका गोवेकराला बिशपपदाची दीक्षा मिळाली आणि त्याचे कार्यक्षेत्र ठरले ‘आदिलशहाचे राज्य’. हा तह आणि ही नेमणूक शेजारी ठेवली, की शहाजीराजांच्या जहागिरीतली ही गावे निदान कागदावर त्या बिशपच्या हद्दीत पडतात. हा माझा तर्क. त्याने कधी नीरा ओलांडली, असे मी म्हणणार नाही. त्याचा वावर होता डिचोलीत.

मातेवस द कास्त्रो हे त्याचे नाव. घराणे महाले, कूळ ब्राह्मणाचे. जन्म सुमारे १५९४ चा, दिवाडी बेटावर. बेटावरची मोठी सामूहिक धर्मांतरे १५६० च्या सुमाराची. वयाचा हिशेब केला, तर घरात पहिला बाप्तिस्मा आजोबांच्या किंवा वडिलांच्या पिढीत झाला असावा. सोळाव्या शतकातल्या त्याच उलथापालथीत दिवाडीचा सप्तकोटेश्वर नदीपलीकडे, डिचोलीतल्या नार्वे गावी गेला. शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये जीर्णोद्धार केला ते देऊळ तिथलेच. पोर्तुगिजांचा अंमल नदीकाठी संपत होता. म्हणून देव पलीकडे गेला आणि पुढे त्याच कारणाने त्याच बेटावरचा बिशपही तिथेच राहिला. योगायोग म्हणून हे सोडून द्यायला मन धजत नाही.

गोव्याच्या आर्चबिशपांनी त्याला धर्मगुरूची दीक्षा नाकारली, तेव्हा तो इराणमार्गे खुष्कीने निघाला आणि १६२५ मध्ये रोमला पोहोचला. वेळ साधली होती. पूर्वेकडच्या चर्चवर पोर्तुगालच्या राजाचा हक्क होता आणि तो सैल करण्यासाठी पोपने १६२२ मध्ये ‘प्रोपागांदा फिदे’ ही संस्था काढली होती. तिला एतद्देशीय धर्मगुरू हवेच होते. त्यामुळे १६३७ ची नेमणूक जितकी त्याच्या योग्यतेची, तितकाच तो लिस्बनला दिलेला शह होता.

इथून पुढे जपून वाचावे लागते. एका बाजूला प्रोपागांदाकडे केलेले त्याचे अर्ज आणि तक्रारी, दुसऱ्या बाजूला पोर्तुगीज अधिकारी आणि जेझुइट यांची गाऱ्हाणी. एकाला पद टिकवायचे आहे, दुसऱ्यांना ते घालवायचे आहे. अशा वेळी दोघांचे जिथे जुळते, तेवढेच आधी उचलावे. जुळते ते असे: डिचोलीत तो स्थानिक तरुणांना दीक्षा देत होता आणि गोव्यातले पोर्तुगीज ती मानत नव्हते.

१६५३ मध्ये त्याने ‘ब्राह्मणांचा आरसा’ या अर्थाच्या नावाची पुस्तिका लिहिली. गोव्यातल्या ब्राह्मण ख्रिस्ती मंडळींना पोर्तुगिजांविरुद्ध उठायला सांगणारा हा मजकूर आहे. पुढच्याच वर्षी आदिलशाही फौज बारदेशात घुसली आणि पोर्तुगिजांनी ठपका ठेवला तो त्याच्यावर. पुस्तिकेने त्याचा हेतू नक्कीच सिद्ध होतो. पण एकामागून एक घडले म्हणून एकामुळे दुसरे घडले, असे होत नाही. विजापूरला गोव्यावर चालून जायला बिशपच्या चिथावणीची गरज नव्हती. आरोप पुराव्याच्या पुढे धावतो, असे माझे मत.

कुटुंबाकडे वळले, की हा गोंगाट कमी होतो. पुतण्या तोमास द कास्त्रो थिआटिन संघात गेला, तोही बिशप झाला आणि १६७४ मध्ये त्याची कॅनरा प्रांतावर नेमणूक झाली. काकाच्या ओळखीने रोमची दारे उघडली असावीत; अशा घराण्यात हे संभवनीय वाटते. मात्र विजापूरचे पद घरात राहिले नाही. ते १६६९ मध्ये कुस्तोदिओ द पिन्यु या दुसऱ्या गोवेकराकडे गेले. पुढे रोमला परतलेला मातेवस १६७७ मध्ये तिथेच वारला. तोमासने १६८० मध्ये मंगळूरला मिलाग्रिस चर्च उभारले. त्यासाठी जागा दिली केळदीच्या राणी चेन्नम्माने. काकासारखाच पुतण्याही पोर्तुगीज अंमलाबाहेर पाय रोवून राहिला आणि १६८४ मध्ये वारला.